एकेचाळीस सेकंद

वाइओलाने त्याला पहिल्यांदा नीट पाहिलं तेव्हा त्याचा अंगठा घड्याळाच्या बटणावर होता, आणि ते बटण त्याने नको तेव्हा दाबलं होतं.

न्यूझीलंडमधल्या ओमारूच्या टोंगन चर्चमागचा हॉल, ऐन हिवाळ्यातला जुलैचा शनिवार, दुपारचे सव्वातीन. बाहेर दक्षिणेचा वारा पत्र्यावर गारा फेकत होता आणि आत कविता मंडळाची वार्षिक स्पर्धा चालली होती. सोळा कवी, तीन परीक्षक, ऐंशीएक श्रोते. प्रत्येकाला तीन मिनिटं, वर दहा सेकंदांची सूट. त्यापुढे सुरू होणाऱ्या दर दहा सेकंदांना अर्धा गुण कापायचा. पहिले दोघे वेलिंग्टनच्या अंतिम फेरीला जाणार. वाइओला फिफिताला त्या दोघांत यायचं होतं. ती सव्वीस वर्षांची, गावाबाहेरच्या मांसाच्या कारखान्यात पॅकिंगला होती, आणि गेले चार महिने जेवणाची सुट्टी जेवणात न घालवता तिने या तीन मिनिटांसाठी घालवली होती.

माइकसमोर जाऊन तिने आधी फाकातापू घेतला. टोंगन माणूस चारचौघांत बोलायला उभा राहिला की मोठ्यांची नावं त्यांच्या मानाच्या क्रमाने घेतो, प्रत्येकाला 'तापू', म्हणजे पवित्र, म्हणतो आणि बोलण्याची परवानगी मागतो. मगच मूळ विषय. हे टाळणं म्हणजे दार न वाजवता कुणाच्या घरात शिरणं.

"तापू देवाला. तापू राजाला. तापू पाळकांना. तापू पहिल्या रांगेत बसलेल्या माझ्या केसाया आत्याला…"

इथवर घड्याळवाल्याचा अंगठा हलला नव्हता. तिला तो डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसत होता: उंच, रुंद, काळा कोट आणि कमरेला, टोंगन रीतीने, नीट गुंडाळलेली चटई. म्हणजे आपल्यातलाच. तिला धीर आला.

"तापू पहाटे पाचला ओळीत उभ्या राहणाऱ्या तीस सुऱ्यांना—"

त्याने बटण दाबलं.

ती अडखळली नाही. दाराशी ताटकळणाऱ्या गमबुटांना तिने तापू म्हटलं, मालकिणींची हाडं मालकिणींच्या आधी ओळखणाऱ्या थंडीला म्हटलं, आणि दक्षिणेच्या वाऱ्याला म्हटलं, जो आमची नावं चुकीची उच्चारतो, पण रोज उच्चारतो. मी लहान आहे, मला बोलू द्या, असं म्हणून तिने कविता सुरू केली. तिच्या हिशेबाने तिथून.

कविता दोन मिनिटं अठ्ठेचाळीस सेकंदांची होती. घड्याळाने तीन मिनिटं एकोणतीस दाखवली. सत्तावीस पूर्णांक चार गुणांतून एक पूर्ण गुण गेला. दुसरे आलेल्या निवृत्त मास्तरांना सव्वीस पूर्णांक नऊ होते. वाइओला तिसरी आली.

चहाच्या टेबलापाशी केकेंची, तळलेल्या गोड गोळ्यांची, परात होती. घड्याळवाला तिथे उभा राहून एक केके तोंडाशी नेत होता. वाइओला जाऊन त्याच्यासमोर उभी राहिली.

"तू टोंगन आहेस ना?"

"हो. हाआपाई बेटांवरचा. मोसेसे तालाकाई." अनोळखी मुलीने थेट 'तू' म्हटल्याचं त्याला नवल वाटलं असावं. "आणि तुम्ही छान—"

"मग फाकातापू कशाशी खातात ते माहीत असेल."

त्याने हातातला केके परत परातीत ठेवला. "देव, राजा, पाळक, तुमच्या आत्या. तोवर मी हात लावला नाही. सुऱ्या आल्या तेव्हा दाबलं."

"का?"

"कविता सुरू झाली असं वाटलं."

तो चेष्टा करतोय असं वाटून तिच्या कानशिलांत रक्त चढलं. चेष्टा असती तर बरं झालं असतं. त्याचा चेहरा कमालीचा गंभीर होता, आणि डोळे… डोळ्यांकडे तिने त्या दिवशी पाहायचं टाळलं. रग्बीच्या मैदानावर जाऊन वेळ धर, असं सुनावून ती मंडळाच्या चिटणीस नोएलीन टॅपर यांच्याकडे गेली आणि तिथल्या तिथे लेखी तक्रार दिली.

नोएलीनबाईंनी दोरीला लटकवलेला चष्मा नाकावर चढवून नियम वाचला. घड्याळ कवितेच्या पहिल्या शब्दाला सुरू होतं. तेव्हा प्रश्न एकच: ते एकेचाळीस सेकंद कविता होती की अभिवादन? तीन आठवड्यांनी, शनिवारी अकरा वाजता, समिती बसेल. वेळ धरणाऱ्याचं म्हणणं सगळ्यांत वजनाचं मानलं जाईल. तोवर निकाल कच्चा.

त्यानंतरच्या मंगळवारी वाचनालयाच्या हिवाळी वाचन-आव्हानाच्या जोड्या चिठ्ठ्या काढून ठरल्या. बारा चौकोनांचं कार्ड, प्रत्येक चौकोनासाठी दोघांनी एकच छोटं पुस्तक वाचायचं, एकमेकांना तीन प्रश्न विचारायचे आणि उत्तरं पटली तर समोरच्याच्या कार्डावर सही करायची. वाइओलाला सतरा नंबर आला. खोलीच्या दुसऱ्या टोकाला एका उंच माणसाने हात वर करून, जरा ओशाळत, आपलीही चिठ्ठी दाखवली… सतरा.

जोडी बदलून मागता आली असती. ती काउंटरपर्यंत गेलीही. मग तिने हिशेब केला: तीन आठवडे, निदान आठ भेटी. या माणसाच्या तोंडून 'फाकातापू होता' एवढे दोन शब्द काढून घ्यायला तेवढं पुरे. आणि लांबून रागावण्यापेक्षा समोर बसून रागावणं सोयीचं.

पहिल्याच शुक्रवारी त्याने कार्ड पुढे केलं. "माझी सहा घरं झाली."

"तीन दिवसांत सहा पुस्तकं?"

"टँकरमध्ये. कानाने." तो दुधाचा टँकर चालवायचा, पहाटे चारपासून दुपारी एकपर्यंत, या गोठ्यातून त्या गोठ्यात.

तिने पेनाला टोपण लावलं. "कार्डावर 'वाचलेलं' लिहिलंय. 'ऐकलेलं' लिहिलेलं नाही."

"वाचनालयाची हरकत नाही. मी विचारून घेतलंय."

"माझी आहे. नियम म्हणजे नियम. हे मी नुकतीच शिकले, एका घड्याळवाल्याकडून."

तो हसला. बाजूचा एक दात रग्बीत गेला होता आणि त्या फटीमुळे ते हसू वाकडं, खट्याळ व्हायचं. वाइओलाला त्या हसण्याचा आणखी राग आला. कारण ते घरी गेल्यावरही दिसत राहिलं.

त्याने ती सहाच्या सहा पुस्तकं पुन्हा वाचली. कागदावर, ओळीखाली बोट धरून. तो इंग्रजी सावकाश वाचतो हे तिला तेव्हा कळलं. तीन प्रश्नांच्या जागी तिने नऊ विचारले, अकरा विचारले. कुठल्या पानावर म्हातारी चप्पल बदलते? तो पान सांगायचा. वर म्हणायचा, "या ओळीवर थांबलीस का तू? मी थांबलो होतो. कानाने ऐकताना ती निघूनच गेली होती. तुझ्यामुळे सापडली." तुम्हीचं तू कधी झालं, दोघांनाही सांगता आलं नसतं.

आभार मानायची ही काय पद्धत, असं मनात म्हणत वाइओला सही करायची. सही दिवसेंदिवस मोठी होत चालली होती. ते तिच्या लक्षात आलं तेव्हा तिने ती मुद्दाम लहान केली.

दरम्यान घरी वेगळाच पेच पडला होता. ती केसाया आत्याकडे राहायची. टोंगन घरात बापाच्या बहिणीचा शब्द बापाच्याही वरचा. आणि केसाया आत्या एका सरदाराच्या वतीने सभेत बोलणाऱ्या माणसाची मुलगी होती. तक्रारीचं कळल्यावर चटई विणता विणता, मान वर न करता ती म्हणाली, "फाकातापू होता ना? मग मी अभिमानाने ऐकला. पण कविता असेल, पोरी, तर माझं नाव घेऊन तू सुऱ्यांशी आणि बुटांशी नेऊन बसवलंस. मग मला विचार करावा लागेल."

आत्याचा विचार म्हणजे अबोला, हे सगळ्या घराला ठाऊक होतं. मागच्या वेळी तो दोन वर्षं चालला होता.

शेवटचा आठवडा उजाडला. एकच चौकोन उरला होता: 'एकमेकांना मोठ्याने वाचून दाखवलेलं पुस्तक'. वाचनालयात मोठ्याने वाचता येईना, म्हणून गुरुवारी दुपारी ते बंदरावर त्याच्या जुन्या व्हॅनमध्ये बसले. काचेवर बर्फाळ पाऊस चिकटत होता. श्वासांनी काचा आतून धुरकटल्या, धक्का दिसेनासा झाला, समुद्र नुसता ऐकू येऊ लागला. वाइओला वाचत होती. मोसेसे डोळे मिटून बसला होता.

ती थांबली. "झोपलास?"

"नाही."

"मला कसं कळणार?"

"पान उलटायच्या आधी तू श्वास घेतेस. आत्ता घेतला नाहीस." त्याने डोळे उघडले नाहीत. "पानं चिकटलीत का?"

पानं खरंच चिकटली होती. तिने ती सोडवली; बोटं जरा जास्तच वेळ घेत होती. त्याने हीटरची झडप तिच्या बाजूला वळवली. पुढचं वाक्य तिला दोनदा वाचावं लागलं, आणि स्वतःच्याच आवाजाचा राग येऊन तिने पुस्तक मिटलं.

"मोसेसे. परवा समिती आहे."

"माहीत आहे."

"फाकातापू होता, एवढंच सांग. मी दुसरं काही मागत नाही. मला वेलिंग्टनला जायचंय. त्या कारखान्यात माझ्यासारख्या तीस जणी आहेत आणि आमच्यातली कुणी कधी कुठल्या माइकसमोर उभी राहिलेली नाही."

त्याने बाहीने समोरची काच पुसली. मग म्हणाला, मला जे ऐकू आलं ते मी कसं बदलू?

"आणि उरलेली कविता? ती ऐकू आली की नाही?"

"आली. चांगली होती." तो शब्द चाचपत बोलत होता. "समुद्र, आजोबांचं आंब्याचं झाड, परत न जाणारं विमान… तशा पुष्कळ आहेत, वाइओला. मीही लहानपणी एक लिहिली होती. सुऱ्यांची मात्र मी आजवर एकच ऐकली."

ती दार आपटून उतरली आणि चालू लागली. पाऊस तोंडावर सुयांसारखा येत होता. मागे व्हॅन सुरू झाली आणि पाऊल-पाऊल तिच्या बाजूने सरकू लागली. त्याने खिडकीची काच खाली केली.

"गाडीत बस."

"नाही."

"सर्दी होईल."

"होऊ दे. तुझ्या नावाने शिंकेन."

"रागावून तरी आत बस. हीटर चालू आहे."

ती बसली नाही. आत्याच्या घरापर्यंत दीड किलोमीटर व्हॅन तिच्या शेजारून तशीच आली. मागे तीन गाड्यांनी हॉर्न वाजवले. फाटकापाशी ती वळली आणि म्हणाली, की या जगात तिला सगळ्यांत जास्त राग त्याचा येतो. तो म्हणाला, निदान पहिला नंबर तरी मिळाला. ती आत गेली. खिडकीचा पडदा बाजूला करून पाहिलं तर व्हॅन अजून तिथेच होती. तो वायपर बंद करायला विसरला होता.

शनिवारी अकराला समिती बसली. एक लांब टेबल, नोएलीनबाई मधे, दोन सभासद दोन्हीकडे. समोर खुर्च्या. केसाया आत्या पहिल्या रांगेत, कमरेला सणासुदीची चटई बांधून. मोसेसे आला तोच काळा कोट घालून. त्याच्या डोळ्यांखाली काळं होतं आणि हातात चौघडी घातलेला कागद. तो वाइओलाच्या शेजारून गेला, पण तिच्याकडे पाहिलं नाही.

नोएलीनबाईंनी विचारलं, त्याच्या मते ते काय होतं?

त्याने कागद उलगडला. "फाकातापू होता," त्याने वाचलं. "संपेपर्यंत थांबायला हवं होतं. घड्याळ मी चुकून लवकर सुरू केलं. चूक माझी."

झालं. तीन आठवडे हवे असलेले दोन शब्द तिला मिळाले. नोएलीनबाई आकडे दुरुस्त करायला पेन शोधू लागल्या. आत्याने समाधानाने मान हलवली. वाइओलाला हायसं वाटायला हवं होतं. तिने त्याच्याकडे पाहिलं. तो कागदाची पुन्हा चौघडी घालत होता, काळजीपूर्वक, कडेला कड जुळवून, मान खाली घालून. जणू त्याने तिच्या घरातली एखादी वस्तू फोडली होती आणि तुकडे गोळा करत होता.

तिला जो राग आला त्याच्यापुढे आधीचे सगळे राग किरकोळ होते.

"तो खोटं बोलतोय," ती म्हणाली.

नोएलीनबाईंचं पेन थांबलं. तक्रार तुमचीच आहे ना, असं त्यांनी अगदी सौम्यपणे विचारलं.

"माझीच. आणि तो खोटं बोलतोय." ती उभी राहिली होती, कधी ते तिलाही कळलं नाही. "समुद्राची कविता मी एका रविवारी दुपारी लिहिली. एका बैठकीत. या एकेचाळीस सेकंदांना चार महिने लागले. सुऱ्या आधी पन्नास होत्या, मग चाळीस, मग मी जाऊन मोजल्या. वारा नावं चुकीची उच्चारतो, पण रोज उच्चारतो. यातल्या 'पण'साठी मला दहा दिवस लागले. दहा दिवस पाकिटं बंद करताना मी तो 'पण' तोंडात घोळवत होते. आणि हा म्हणतो फाकातापू होता. चुकून दाबलं म्हणतो. या हॉलमध्ये ऐंशी माणसं होती, त्यांतल्या एकाला बरोबर कळलं कविता कुठे सुरू झाली. आणि तोच आता…"

 ती मोसेसेकडे वळली. "तुला कुणी सांगितलं होतं?"

"तू," तो म्हणाला.

एका सभासदाला खोकला आला. तो बहुधा खरा नव्हता.

नोएलीनबाईंनी, नियमाप्रमाणे, तीच गोष्ट पुन्हा एकदा विचारून घेतली. म्हणजे ती कविता होती? ती कविता होती, वाइओलाने सांगितलं. म्हणजे वेळ तीन मिनिटं एकोणतीस? तीन मिनिटं एकोणतीस. मग दंड कायम, सव्वीस पूर्णांक चार, तिसरा क्रमांक. वेलिंग्टनला मास्तर जातील. अकरा वाजून बारा मिनिटांनी सभा संपली.

केसाया आत्या उठली. वाइओला तिच्यासमोर मान खाली घालून उभी राहिली. ती वाट पाहत होती, आता काय ते एकदा होऊन जाऊ दे म्हणून.

"म्हणजे कविता," आत्या म्हणाली.

"हो, आत्या."

"फाकातापूत क्रम पाळावा लागतो. देव, राजा, पाळक. मान्य." आत्याने चटईची गाठ घट्ट केली. "पण कविताच होती तर मला पाळकाच्या मागे का टाकलंस? कवितेत कोण विचारणार होतं तुला? पुढच्या वेळी आधी घे."

त्या पहिल्या चार नावांना घड्याळ लागलंच नव्हतं, ती कवितेत धरलीच नव्हती, हे सांगण्याचं धाडस त्या हॉलमध्ये कुणातच नव्हतं. आत्या सरळ बाहेर गेली आणि मोसेसेच्या व्हॅनचं पुढचं दार उघडून बसली. या वयात एवढ्या वाऱ्यात ती चालत जाणार नव्हती.

वाइओला मागच्या बाकावर बसली. मोसेसे चाकामागे बसला, पण गाडी सुरू केली नाही. बाहेर गारा थांबून बारीक, तिरका पाऊस लागला होता. आरशात त्याला तिचे डोळे दिसत होते, आणि त्यांतला राग जराही कमी झालेला नव्हता.

"वेलिंग्टन माझ्यामुळे गेलं," तो आरशाला म्हणाला.

"माझ्यामुळे गेलं. तेवढं तरी माझं राहू दे."

 मग त्याने घसा साफ केला आणि फार आदराने आत्याकडे वळला. "मावशी… येत्या शनिवारी आम्ही काही मुलं कावा प्यायला कुठे जमावं ते पाहतोय. तुमच्या घरी चालेल का?"

कुणाच्या घरी कावा प्यायला येतो म्हणणं म्हणजे काय, हे सांगायची गरज नव्हती. वर्तुळात मधे बसून कावा, कुटलेल्या मुळीचं ते पेय, पाण्यात ढवळते आणि ओतते ती त्या घरातली मुलगी, आणि मुलगे येतात ते तिच्यासाठी.

"काही मुलं म्हणजे किती?" आत्याने विचारलं.

"…एक."

आत्या समोरच्या काचेतून बाहेर बघत राहिली. "माझे गुडघे दुखतात. मी काही ओतायला बसणार नाही."

 वाइओला पुढच्या दोन्ही खुर्च्यांच्या मधे वाकली.

"मी ओतेन," वाइओला म्हणाली. आवाज अजून रागातच होता, फक्त त्याची धार जागेवर नव्हती. "पण एक सांगून ठेवते. पातळ झाला तर तोंडावर पातळ म्हणायचं. मला बरं वाटावं म्हणून छान छान करत प्यायलास, तर अख्खा वाडगा डोक्यावर उपडा करीन."

मोसेसेने आरशात पाहिलं. दाताची फट दिसली.

"पातळच होणार," तो म्हणाला. "चार महिने एका 'पण'ला लावणारी बाई पाणी घालतच राहणार."

"दहा दिवस," ती म्हणाली. "आणि ये तर खरा तू."

आत्याने हात लांब करून किल्ली स्वतःच फिरवली.